मामाचं धरण फुटलं तर खाली कोण?

जानेवारीत शहाणे पुणेकर कोकणात जातात. आई आणि मी सासवडच्या पुढे, मामाचं धरण बघायला गेलो. धरण म्हणजे मामाने स्वतःच्या रानात, ओढ्यावर माती दाबून घातलेला दोन पुरुष उंचीचा बांध. पण त्याला कुणी 'बांध' म्हटलं की मामा आठवडाभर बोलत नाही.

कारण मात्र गंभीर होतं. खालच्या शेतवाल्याने तक्रार केली आणि ग्रामपंचायतीने इंजिनिअरचा कागद मागितला: धरण कमी धोक्याचं की जास्त? जास्त निघालं तर तळं रिकामं करायचं, म्हणजे मामाची अंजिराची बाग वाळलीच. घाबरलेल्या मामाने इलाज काढला. "चार मानसं दिसली की वजन पडतं," म्हणत पाहणीच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांना जेवायला बोलावलं.

वारजेहून सातला निघालो. मार्केट यार्डातून मामाने सांगितलेल्या पत्रावळ्या आणि दहा किलो वांगी घेतली. रविवारी हडपसरमधून जाऊ नका, आमचा पाऊण तास तिथेच गेला. दिवे घाट चढून मिसळ खाल्ली, दोघींचे दोनशे. "तिखट नाहीये हो," म्हटल्यावर मालक म्हणाले, "मग घरी खात जा." सासवडनंतरचा शेवटचा रस्ता कच्चा आहे, कंबर सांभाळा.

इंजिनिअर शेख मॅडम सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, पायात स्पोर्ट्स शूज. त्यांनी बांध चालून पाहिला. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात, मामा मागे.

"बांध ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "पण धोक्याचा वर्ग त्यावर ठरत नाही. फुटला तर खाली कोण सापडेल, त्यावर ठरतो. खाली कोण असतं?"

"कोन बी न्हाय. येक बाभळ हाय."

मॅडमनी खाली पाहिलं. बांधाच्या पायथ्याशी, गारवा असतो म्हणून, मामाने मांडव घातला होता. चाळीस पाहुणे भरली वांगी चापत होते.

"बाभळीला माणसं बरीच लागलीत," मॅडम म्हणाल्या.

"उठा रं! पत्रावळ्या घिऊन वर या!" मामा ओरडला. कोणी हललं नाही. आईने खालूनच कळवलं, "अरे दादा, भात व्हायचाय अजून!"

मॅडम हसल्या. पाहुणे संध्याकाळी जातात, ते मोजत नाहीत म्हणे. मग त्यांना मांडवापलीकडे, खालीच, पंपाशेजारी खाट दिसली.

"ही कोणाची?"

"माजी. बाग राखाया रोज हितंच निजतो."

"मग खाली एक माणूस राहतं. कमी धोक्याचं कसं लिहू?"

"आवो, मी मालक हाय! मला कशाला धरता?"

"मालक बुडत नाहीत का?"

मला एकदम गलबलून आलं. बाग वाचावी म्हणून हा बाबा स्वतःला माणसांत धरायलाच तयार नव्हता! मामी तेवढ्यात मठ्ठा घेऊन वर आली होती. "ईस वर्सं सांगतीया, घरात निजा," म्हणाली आणि खाली जाऊन तिने स्वतः खाट उचलून घरात नेली.

घरी येऊन आठवडा झाला. अंजिरं संपली, कंबर अजून दुखतेय. पण उताराचा रस्ता दिसला की आता मी वर काय आहे ते बघते आणि खाली कोण राहतं तेही. काल मामीचा फोन आला. कागद मिळाला, धोका कमी, तळं भरलेलं, बाग वाचली.

"मामा खूश?"

"लई. सुखानं घोरत्यात. मला मेली झोपच न्हाय, म्हनून मी जाते पंपापाशी निजाया. तुज्या मॅडमला सांगू नगं."

मी गाडीची किल्ली घेतली आणि आईला म्हटलं, चल, मामीला वर काढायचीय.