सत्यभामाबाईंचं न झाडलेलं अंगण

आमच्या गल्लीत कुणाच्या पोरीला पाहायला पाहुणे आले, की चहा सत्यभामाबाईंच्या अंगणात. शेणानं सारवून असं गुळगुळीत केलेलं, की सांडलेले तांदूळ तसेच उचलून शिजवावेत. बाईंना गर्व म्हणून काय तो एवढाच.

मग कुरुंद्याच्या रस्त्याला रसायनाचा कारखाना आला. वारा आमच्या बाजूला फिरला की पांढुरकी भुकटी उतरते. पत्र्यावर, तुळशीवर, वाळत घातलेल्या हळदीवर. डोळे चुरचुरतात. बाईंची नात आरोही अजून शाळेतसुद्धा जात नाही, पण तिची छाती म्हाताऱ्यासारखी वाजते. डॉक्टर म्हणाले, "हवा बदला." बाई म्हणाल्या, "गाव उचलून कुठं नेऊ?"

वसमतच्या कोर्टात मोफत वकील मिळतो असं कळल्यावर सुनेला, रागिणीला, घेऊन त्या तिथं गेल्या. शितल वकील भेटल्या. वयानं लहान, पण शेवटपर्यंत ऐकून घेणाऱ्या. त्यांनी प्रदूषण मंडळाकडं तक्रार लिहून दिली, पाठपुरावा केला, आणि तपासणीचे साहेब यायचा दिवस ठरला.

तिथंच घोळ झाला. घरी साहेब येणार म्हटल्यावर बाईंनी पहाटेच पत्रा धुतला, तुळस धुतली, अंगण सारवून वर रांगोळी काढली. साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. "नमुना कशाचा घेऊ? सगळं लख्ख आहे." चहा पिऊन निघून गेले.

शितल वकिलांनी कपाळावर हात मारला. "आजी, ती भुकटीच आपला पुरावा होती हो!"

"घरी माणूस यायचं अन् त्याला घाण दाखवायची व्हय?"

"हो, दाखवायची. मी त्यांना पुन्हा बोलावते. साहेब परत येईपर्यंत झाडूला हात लावायचा नाही."

बाईंना यापेक्षा उपास सोपा गेला असता. उंबऱ्यात बसून त्या अंगणाकडं नुसत्या बघत राहायच्या. पलीकडून जाऊबाई पंचफुलाचा आवाज यायचा, "काहून गं, हात मोडले का तुहे? सुनेला तरी लाव की कामाला!"

"तुह्या अंगणातली भुकटी रोज झाडून कुठं टाकून राहिली, ते सांग आधी!"

रागिणीनं एकदा हळूच विचारलं, "आत्या, निस्तं दारापुढचं झाडू का?"

"हात लावून बघ! लेकराच्या जिवापरीस अंगण मोठं हाय का?" असं म्हणाल्या खऱ्या, पण डोळ्यांत पाणी होतं. पाडव्याला गुढी त्या भुकटीतच उभी राहिली. रांगोळी घरात काढली.

पाडव्यानंतर साहेब पुन्हा आले. या वेळी शितल वकीलही सोबत होत्या. साहेबांनी पत्र्यावरची, तुळशीच्या पानांवरची, अंगणातली भुकटी खरवडून पिशव्यांत भरली, लाखेनं बंद केली. पंचनाम्यावर शेजारच्यांच्या सह्या झाल्या. पंचफुलाबाईंनी तर मागून घेऊन केली. "आता धुराड्याची तपासणी टाळता येणार नाही कारखान्याला," शितल वकील म्हणाल्या. "निकालाला वेळ लागेल, आजी. पण आता आपल्या हातात काहीतरी आहे."

बाईंनी मान हलवली. मग पदर सावरून साहेबांच्या जवळ गेल्या आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "राग नका मानू, साहेब. आमचं अंगण असं कधी नसतंय."

साहेब पिशवीवर नाव लिहीत होते. त्यांनी मान वर केली. "माहीत आहे मला, आजी. मी पाहिलंय."