पुण्याला न गेलेला निखिल

समस्त हॅरोवासी मराठी बंधुभगिनींना कळवण्यास अत्यंत खेद होतो, की निखिल पुण्याला गेलेला नव्हता. तो आपल्याच घरी, मागच्या बेडरूममध्ये होता. (नाव बदललं आहे. लंडनच्या हॅरोत तेवढ्याने कुणी फसत नाही.)

हे जाहीर करायला मी एकदा मॅजिस्ट्रेट्स कोर्टात उभी होते. मी क्रिमिनल सॉलिसिटर, म्हणजे फौजदारी वकील. घरातल्या माणसावर गुन्ह्याचा आरोप आला, की लोक मला फोन करतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आमच्यात असं कधी झालं नाही." कुणातच झालेलं नसतं.

निखिल एका कंपनीत अकाउंट्स बघायचा. कंपनीत घोटाळा निघाला, साहेबांबरोबर त्याच्यावरही आरोप ठेवला गेला. असा मोठा खटला वरच्या, क्राउन कोर्टात चालतो आणि उभा राहायला खूप वेळ लागतो. तोवर माणूस एकतर तुरुंगात, नाहीतर बेलवर, म्हणजे जामिनावर. निखिलला बेल मिळाली, अटींसह. रोज पोलीस स्टेशनला हजेरी लावायची. संध्याकाळी सातनंतर घरीच राहायचं. पोलिसांनी दारावरची घंटा वाजवली, की दारात येऊन तोंड दाखवायचं. एवढंच.

तोंड दाखवायचं, इथेच घोडं अडलं. त्याच्या आईने, सुनंदाकाकूंनी, सगळ्या मराठी मंडळाला तो पुण्याला गेल्याचं सांगून ठेवलं होतं.

एका संध्याकाळी पोलीस आले. काकूंनी पडद्याआडून पाहिलं, तर समोरच्या घरातल्या जोशीबाई फाटकात उभ्या. काकूंनी जिना उतरणाऱ्या निखिलला शर्ट धरून मागे ओढलं, दिवा मालवला, आणि मायलेक गुपचूप बसून राहिले. बाहेर जोशीबाईंनी पोलिसाला मदत केली. "तो ना? तीन आठवडे झाले, इंडियात आहे. फार गुणी मुलगा."

दुसऱ्या दिवशी हा गुणी मुलगा नेहमीप्रमाणे मागच्या दाराने पोलीस स्टेशनला हजेरी लावायला गेला. तिथेच त्याला धरलं. अट मोडली असं कोर्टाला वाटलं, तर खटला होईपर्यंत तो आत जाणार होता.

त्याच्या दुसऱ्या सकाळी कोर्टाच्या दारात मी काकूंची वाट बघत होते. त्या आल्या जोशीबाईंच्या गाडीतून.

"यांना का आणलंत?"

"मला कुठे ड्राइव्ह करता येतं? कौन्सिलचं काम आहे म्हटलं."

"दारावर कोर्टाची पाटी आहे, काकू."

"ती मी आत्ताच बघितली."

जोशीबाई गाडी पार्क करून आल्या आणि पब्लिक गॅलरीत पहिल्या रांगेत बसल्या. तिथे कुणीही बसू शकतं.

"वैशाली, त्यांना बाहेर पाठव ना."

"नाही पाठवता येत. आणि तुम्हाला आत शपथेवर सगळं खरं सांगावं लागेल."

"त्यांच्यासमोर?"

"त्यांच्यासमोर. नाहीतर निखिल आत."

काकूंनी पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "चल."

समोर तीन मॅजिस्ट्रेट. हे वकील नसतात, साधे नागरिक असतात. मधल्या बाई अध्यक्ष. प्रॉसिक्यूटर, म्हणजे सरकारी वकील, तरुण, इस्त्री केलेला. काकू साक्षीला उभ्या राहिल्या आणि त्याने सुरुवात केली.

"तुमचा मुलगा त्या संध्याकाळी कुठे होता?"

"घरी. मागच्या बेडरूममध्ये. मी त्याला पडदासुद्धा उघडू देत नाही."

"मग शेजारीण इंडिया का म्हणाली?"

"मी सांगितलं म्हणून." काकूंनी गॅलरीकडे पाठ केली. "आधी आठवड्याभराचंच सांगितलं होतं. मग सगळे विचारायला लागले, इतके दिवस काय करतोय. म्हणून म्हटलं, मुलगी बघायला गेलाय. मग मुलगी पसंत पडली."

"कोण मुलगी?"

"कुणीच नाही, सर. पण डेंटिस्ट आहे."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही पोलिसांपासून लपवत होता, की शेजाऱ्यांपासून?"

"पोलिसांना तर सगळं माहीतच आहे, मॅडम."

प्रॉसिक्यूटरने पेन खाली ठेवलं. मी एकच वाक्य बोलले: पळून जाणारा माणूस हजेरीला येत नाही. एरवी मी एका वाक्यात आटपत नाही, पण काकूंनंतर बोलण्यासारखं उरलं काय होतं?

तिघे आत गेले, बाहेर आले. बेल कायम. वर पायात टॅग, म्हणजे घोट्याला बांधायचं यंत्र. निखिल घरात आहे का, हे त्यालाच कळणार. "यापुढे," अध्यक्षबाई काकूंना म्हणाल्या, "दार उघडा." मूळ खटल्यातूनही पुढे निखिल निर्दोष सुटला.

तेव्हा घरात असा प्रसंग आला, तर वकील लवकर गाठा, बेलच्या अटी फ्रिजवर चिकटवा, आणि शेजाऱ्यांना काय सांगायचं ते आधी वकिलाला विचारा. खोटं सांगायचंच असेल, तर त्यात लग्न आणू नका.

कारण निकालानंतर तिघे मॅजिस्ट्रेट उठत होते. काकू डोळे पुसत होत्या. आणि गॅलरीच्या पहिल्या रांगेतून, शुद्ध मराठीत, जोशीबाई म्हणाल्या:

"सुनंदा, मग त्या डेंटिस्टसाठी दिलेली माझी पैठणी परत दे."