शीतलताईचा फेरफार

हे मी बायकोलाबी सांगितलं न्हाई. तुला कावून सांगायलो? माझाच मला राग येतोय, म्हनून.

मी सातवी नापास. केजच्या एका कम्प्युटरच्या हापिसात झाडलोट करता करता कीबोर्ड शिकलो. "डोकं न्हाई, पर बोटं हायत" — मीच म्हनायचो, समदे हसायचे. हसवलं की मानूस खपून जातो, न्हाई का?

सिरसाळ्याची शीतलताई तिथं प्रोग्राम लिवायची. ऊसतोडीला गेलेली लेकरं कोन्या गावात हायत, जवळ शाळा कुठं हाय — ते दावनारा. दोन वर्षं राबली. सायेब मला म्हनले, "तिच्या रेपॉझिटरीची क्लोन घे, नव्या मशीनवर लाव." रेपॉझिटरी म्हंजी प्रोग्रामच्या समद्या फायली ठिवायची जागा. क्लोन म्हंजी नुस्ती नक्कल न्हाई बरं. कोनी कवा कोनती ओळ लिवली, समदा फेरफार संगं येतो, सातबाऱ्यावानी. एका लपलेल्या फोल्डरात असतो.

आन् मी — मी तेवढंच फोल्डर उडवलं. 'गिट इनिट' मारलं, कोरी रेपॉझिटरी केली, समदं एका दमात माझ्या नावानं चढवलं. चुकून? न्हाई बे! तिचं नाव बघून जळायचो मी. बहिनीचं नाव सातबाऱ्यावरनं काढायला हक्कसोडीवर तिची सही तरी लागते. मला तेवढीबी लागली न्हाई. जुनी मशीन मोडीत काढायचं काम माझ्याच हातात हुतं — काढली, तिच्या नावासकट.

तवर ते सायेब सोडून गेले; नव्या सायेबांनी बघितलं, ओळीओळीम्होरं माझं नाव. "तू लिवलंस व्हय रं?"

व्हय म्हनलो.

ताई उठली. "सायेब, हे माझं हाय." सायेब म्हनले, "मग दाव की तुझं नाव." कुठलं दावंल? ती माझ्याकडं बघायलती — आन् मी काय केलं? जोक मारला! "ताई, नक्कल करावी दहावीच्या पेपराला, हितं कावून?" समदं हापिस खदखदलं. ती बॅग उचलून जीपकडं गेली, ती गेलीच.

आता लबाड म्हनून तिला तालुक्यात कुनी कामावर घेईना. मला इंजिनेर म्हनत्यात. थूत् माझ्या तोंडावर!

मशीन मोडीत काढायच्या आधी ताईच्या रेपॉझिटरीची एक क्लोन मी पेनड्राइव्हात घेतलती. हाय अजून. परवा उघडली. पयल्या ओळीपासून तिचंच नाव.

बंद केली. खिशात ठिवली.