दार उघडं होतं तरी

हेंद्रेपाड्याची तेजस्वी अंबरनाथच्या एका कारखान्यात जीन्स धुण्याच्या मोठ्या मशीनचे कंट्रोलर बनवायची. मशीनचा प्रोग्राम मुळात दिनानाथ सरांचा. ते निवृत्त झाले आणि सगळं तिच्या अंगावर आलं.

उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका धुलाई कारखान्यात अशाच एका मशीनने तिथल्या कामगार वेणूताईंची दोन बोटं नेली. धुलाई अर्धवट असताना वीज गेली, म्हणून वेणूताई दार उघडून ड्रममध्ये अडकलेली पँट ओढत होत्या. वीज आली आणि ड्रम फिरला. दार उघडं असताना मशीन चालू होतच नाही, बाईनेच दाराच्या कुलपाशी खेळ केला असणार, असं ठरलं. हात बरा व्हायच्या आत त्यांना कामावरून काढलं.

तेजस्वीला राहवेना. तिने कारखान्यातल्या मशीनवर धुलाई लावली, मध्येच वीज घालवली आणि दार उघडं ठेवून परत आणली. रिकामा ड्रम गरगर फिरला.

कुलूप तपासण्याचा भाग प्रोग्राममध्ये होता, चोख होता. मग? तिने सरांना फोन लावला.

"भाग आहे गं, पण प्रोग्राम सुरू तिथून होतोय का?" सर म्हणाले. "तुकडे जोडणाऱ्या लिंकरला '-e' देऊन त्या फंक्शनचं नाव सांगायचं, म्हणजे पहिलं पाऊल तिथे पडतं. नाही सांगितलं तर तो नेहमीच्या जागेवरून सुरू करतो. तक्रारसुद्धा करत नाही."

तिने पाहिलं. सगळे तुकडे जोडून प्रोग्राम बनवण्याचं काम मध्यंतरी नव्या कॉम्प्युटरवर हलवलं होतं, तेव्हा तो '-e'चा पर्याय गळाला होता. वीज येताच प्रोग्राम कुलूप न बघता थेट अर्धवट राहिलेली धुलाई पुढे चालवत होता.

तिने सगळं कारखान्याचे मालक हरेशशेठ यांच्या कानावर घातलं. "सब मशीन में नवा प्रोग्राम डाल दे," ते म्हणाले. "बाईचं नाव काढू नको. झालं ते झालं."

"प्रोग्राम टाकते, शेठ. पण त्या बाईवर आळ आहे. तो मी तसाच ठेवणार नाही."

तिने पर्याय परत घातला, एकेका मशीनचं दार उघडं ठेवून तपासलं. मग कॅम्प तीनच्या त्या धुलाई कारखान्यात जाऊन सगळ्या कामगारांसमोर सांगितलं, चूक आमच्या प्रोग्रामची होती. हरेशशेठनी तिच्याशी बोलणं टाकलं, पण तिचं म्हणणं खोडलं नाही.

वेणूताईंचा पाडा बारवी धरणाच्या अंगाला. अंगणात त्या डाव्या हाताने तांदूळ निवडत होत्या. तेजस्वीने सगळं सांगितलं.

"मी सांगत व्हते त्यांना," वेणूताई म्हणाल्या, "कुलपाला हात नाय लावला. माझा पोरगासुदिक इचारायचा, आये, खरं सांग."

"आता सगळ्यांना कळलंय, ताई. तुम्हाला परत बोलावतील."

"नाय गो. त्या मशीनम्होरं आता उभं नाय राहवत." त्यांनी सूप बाजूला सारलं. "पोरगा सांजच्याला येल. तवर बस. त्याला तुझ्या तोंडानं सांग."

तेजस्वी पायरीवर बसून राहिली.