अण्णांनी रंगवलेली गाडी

“विहीणबाई, शेडमधला हीटर तेवढा बंद करू नका हं. सकाळी उठलो की बघतो मी.” जेवण झाल्यावर हात पुसता पुसता अण्णा मला एवढंच म्हणाले, आणि तेच शेवटचं. सकाळी चहा घेऊन त्यांच्या खोलीशी गेले, दोनदा हाक मारली, दार ढकललं... चहा तसाच हातात राहिला. मुग्धा, म्हणजे माझी लेक आणि त्यांची सून, इथे आयर्लंडमध्ये, लेटरकेनीच्या इस्पितळात डॉक्टर आहे. ती तेव्हा रात्रपाळी करून मैत्रिणीच्या गाडीतून घरी येत होती. रोज परक्यांच्या नाड्या बघणाऱ्या माझ्या पोरीला घरात पाऊल टाकल्या टाकल्या सासऱ्यांची नाडी बघावी लागली. तिने त्यांचं मनगट धरलं ते किती वेळ सोडलंच नाही. गेले काही आठवडे त्या दोघांत धड बोलणं नव्हतं हो. आणि त्याचं कारण मागच्या शेडमध्ये, ठोकळ्यांवर चढवलेलं उभं होतं... एक जुनी पिकअप गाडी.

आता हे व्याही-विहीण एका घरात कसे, असं तुम्हाला वाटेल. आमच्या कराडकडे मुलीच्या घरी आईने चार दिवसांवर राहू नये अशी रीत. मी आले होते महिन्यासाठी, वीस सालच्या सुरुवातीला. रत्नागिरीहून अण्णाही आले होते, लेकाचा परदेशातला संसार बघायला. मग करोना आला, विमानं बंद पडली, आणि दोघंही अडकलो. मी विधवा, ते विधुर. जावई निखिल नोकरीला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वॉटरफोर्डला. सुट्टी मिळेल तसा यायचा. म्हणजे घरात मुग्धा आणि आम्ही दोन म्हातारे. पहिले काही दिवस मी अण्णांसमोर डोक्यावरचा पदर सोडला नाही. पण जिथे सकाळ-संध्याकाळ एकच तोंड दिसतं तिथे पदर किती दिवस टिकणार? उन्हाळ्यापर्यंत आम्ही भांडायलासुद्धा लागलो होतो, आमटीत गूळ घालायचा की नाही यावरून.

अण्णांनी सारा जन्म रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात काढला. मासळीसाठी लागतो तो बर्फ. मला त्यांनीच समजावलं, की एका मोठ्या टाकीत मिठाचं पाणी थंडगार करायचं, त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे सोडायचे, की डब्यात बर्फाच्या लाद्या तयार. “बर्फ करणं सोपं ओ,” म्हणायचे, “डबे जगवणं कठीण. मीठ लोखंडाला खातं. तुमच्या घाटावर लोखंड म्हातारं होऊन मरतं, आमच्याकडे तरुणपणीच जातं.” मी म्हणायची, “माणसंही तशीच का?” तर हसायचे. “माणसं खारवलेली असतात विहीणबाई, टिकतात.”

इथे तर मीठ रस्त्यावरच ओततात. थंडी पडली की मोठा ट्रक येऊन खडेमीठ फेकत जातो, बर्फावरून गाड्या घसरू नयेत म्हणून. चांगली गाडी निखिलकडे होती. आमचं भाड्याचं घर टेकडीवर, म्हणून मुग्धाने खालच्या शेतकऱ्याकडून, पॅकीकडून, ही जुनी पिकअप घेतली होती. चढाला दणकट, पण पोटाखाली गंजाचे पोपडे. अण्णांनी पहिल्याच दिवशी खाली वाकून बघितलं आणि “अगं बाई!” असे बायकांसारखे उद्गारले. त्या दिवसापासून गाडीला सासरा मिळाला. मुग्धा ड्युटीवरून आली की हे पाइप घेऊन बाहेर हजर. चाकांच्या कमानीत, पोटाखाली, सगळीकडे पाणी मारून मीठ धुवायचे. “अण्णा, आत या ना, गारठाल!” “तू हात धू, मी हिचे पाय धुतो.” असं त्यांचं चालायचं. इस्पितळात काय काय बघून यायची ती त्या दिवसांत... पण अंगणात त्या पाइपाच्या आवाजात तिला हसायला यायचं, हे मी खिडकीतून बघितलंय.

दुसरा हिवाळा जवळ आला तशी अण्णांनी घोषणा केली, की गाडीला कारखान्यातली औषधयोजना करायची. तिकडे काय करायचे, तर डबे बाहेर काढून खरवडायचे आणि मग डांबरासारखा जाड काळा रंग द्यायचा. इथेही तसा रंग मिळाला. किती दिवस गाडीखाली पुठ्ठ्यावर पडून होते! पॅकी अण्णांना ‘अॅना’ म्हणायचा; फाटकापलीकडूनच, अंतर ठेवून, इंग्रजीत ओरडायचा, “अॅना, ती सुकली का रे आधी? ओलीवर मारू नकोस!” मला थोडं कळायचं, अण्णांना काहीच नाही. इंग्रजीत ते एकच शब्द शिकले होते, इथली माणसं ‘झकास’ म्हणून वापरतात तो, तोच फेकायचे, “ग्रँड, ग्रँड!” पॅकी मान हलवत जायचा. काम झालं तेव्हा गाडीचं पोट नव्या तव्यासारखं काळंकुळकुळीत दिसत होतं. मुग्धाने सासऱ्यांचा फोटो काढून निखिलला पाठवला. नाकापासून कानापर्यंत काळे, आणि दात तेवढे पांढरे. तो फोटो आता बैठकीत आहे, हार न घातलेला. मुग्धा घालू देत नाही.

जानेवारीत बर्फ पडला. सकाळी मुग्धा कोट चढवून उभी, आणि किल्ली जागेवर नाही. अण्णा खुर्चीत बसलेले, मूठ मिटलेली.

“अण्णा, किल्ली द्या. उशीर होतोय.”

“आज गाडी नको. पॅकीला सांग सोडायला.”

“रोज त्याला काय म्हणून? तिथे माणसं वाट बघतायत, अण्णा. गाडीला झालंय काय?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. विहिणीसमोर बोलायचं म्हणजे... मी उठून आत जाणार होते, तर म्हणाले, “बसा. तुम्हीही ऐका. सूनबाई, मी सडवली ती गाडी.”

बाहेर नेलं त्यांनी आम्हाला. छोटी हातोडी घेऊन गाडीच्या पुढच्या सांगाड्यावर मारली, टण्ण वाजलं. मागे मारली, तर थप... ओल्या भिंतीवर मारावी तशी. मग स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाबला, आणि तो त्या काळ्या रंगातून आत गेला, भाकरीत बोट जावं तसा. आतून गंजाचं तांबडं पाणी आलं. “तिकडे आम्ही डबे मे महिन्यात बाहेर काढायचो,” ते हळू म्हणाले, “पत्र्याला हात लावता येत नसे इतका तापायचा, मग रंग. इथे सगळं केलं मी, पण ऊन धरलंच नव्हतं हिशेबात. ओल आणि मीठ दोन्ही आत ठेवून वरून झाकण लावलं.”

मुग्धा गाडीकडे बघत होती. मला वाटलं, आता म्हणेल, असू दे अण्णा. ती म्हणाली, “तुम्हाला कधी कळलं हे?”

“रविवारी.”

“आणि मी सोमवारी याच गाडीने गेले. कालही गेले. त्या घाटरस्त्याने.” आवाज चढला नव्हता तिचा, तेच वाईट. “जाऊ दिलंत तुम्ही मला?”

अण्णा स्क्रू-ड्रायव्हर पुसत राहिले. सुनेपुढे कमीपणा नको म्हणून गप्प बसलेला माणूस, दोन दिवस ती परत येईपर्यंत खिडकीशी उभा होता, हे मी बघितलं होतं. का ते तेव्हा कळलं. मुग्धा पॅकीच्या जीपमधून गेली. त्यानंतर ती बोलायची, पण “जेवलात?” “गोळी घेतली?” एवढंच. पेशंटशी बोलतात तसं. मी मध्ये पडून बघितलं. “आई, मी रागावले नाहीये,” म्हणाली, “मला फक्त घाटातल्या त्या वळणावर गाडी मागून हलली होती ते आठवतं.”

पॅकीने स्पष्ट सांगितलं होतं, ही गाडी आता भंगारात. तरी अण्णांनी ती त्याच्याच मदतीने शेडमध्ये ठोकळ्यांवर चढवली आणि स्वतःच लावलेला रंग खरवडायला बसले. पुढून सुरुवात केली. तारेचा ब्रश, कोमट पाणी, फडकं, आणि मग खाली हीटर. मी म्हणायची, “अण्णा, थंडीत मराल. कोणासाठी चाललंय हे?” तर म्हणायचे, “वाळू दे तरी एकदा नीट.” एवढंच. पुढचा भाग झाला होता त्यांचा, मागचा राहिला... आणि त्या सकाळी चहा माझ्या हातात राहिला.

निखिल देशाच्या त्या टोकावरून येईपर्यंत संध्याकाळ झाली. अग्नी द्यायला लांब जावं लागलं, करोनामुळे मोजक्याच माणसांना परवानगी होती, रत्नागिरीच्या मंडळींनी फोनवर बघितलं. पॅकी रस्त्याच्या कडेला टोपी काढून उभा राहिला, शेजारीपाजारी घराघरांतून बाहेर येऊन उभे राहिले. इथे तशी पद्धत पडली होती त्या वर्षी. निखिल काही दिवस राहून कामावर परत गेला. घर इतकं गप्प झालं, की एका दुपारी मला मागून घरघर ऐकू आली... हीटर! इतके दिवस चालूच! बंद करू नका म्हणाले होते, आणि त्या गडबडीत कोणाच्याच लक्षात आलं नाही, असं मी मनाशी म्हणत शेडकडे धावले.

पण हीटर अण्णांनी ठेवला होता तिथे, पुढे, नव्हता. मागच्या चाकांशी सरकवलेला होता. पुठ्ठा अंथरलेला, आणि त्यावरून मुग्धाचे दोन पाय बाहेर आलेले. शेजारी कोमट पाण्याची बादली. खरवडल्याचा आवाज येत होता.

मी म्हटलं, “अगं, पॅकी म्हणतो ना, ही काही चालायची नाही आता.”

“माहितीये आई.” आतून हातोडी वाजली. थप. जरा पुढे सरकून पुन्हा, थप. “बटण बंद करू नकोस. पुढचं वाळलंय. मागे अजून ओल आहे.”