पदरातलं पान

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोला माझ्या सगळ्या खोडी तोंडपाठ आहेत, पण ही नाही. तुम्हालाच का सांगतोय? – तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते.

मानवतला मोंढ्याजवळ, धान्य-कापसाच्या बाजारापाशी, आमचं शेती सल्ला केंद्र होतं, एका संस्थेनं चालवलेलं. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद धुमसत होता, ती वर्षं. केंद्रात एक कॉम्प्युटर आला, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारा, आणि त्याचा प्रोग्रॅम मी लिहिला. जाणकारांची अक्कल यंत्रात भरायची. यंत्र प्रश्न विचारणार, आपण ते वाचून दाखवायचे, शेतकरी हो-नाही सांगणार, आणि यंत्र कपाशीवरच्या रोगाचं नाव सांगणार. यंत्राला बुद्धी देणारा माणूस म्हणून मी मोंढ्यात छाती काढून चालायचो. पण एकदा आलेला शेतकरी दुसऱ्यांदा फिरकायचा नाही. मी म्हणायचो, अडाणी लोक, यांना काय कळतंय!

मग वाव्हळे आले. वयानं माझ्याहून लहान, हुद्द्यानं खालचे, आणि बौद्ध. हे शेवटचं आता कशाला? – कारण तेव्हा मी ते घडीभरही विसरत नव्हतो. तोंडानं ‘अहो वाव्हळे’ म्हणायचो, मनात अरेतुरे करायचो.

पहिले काही दिवस त्यांनी कॉम्प्युटरला हातच लावला नाही. बाहेर कडुलिंबाखाली लोकांत बसून असायचे. मला वाटलं, कामचुकार दिसतोय. मग एक दिवस हळूच म्हणाले, ‘‘सर, आपल्याकडं साहेबाला कुणी नाही म्हणत नाही. तुमी विचारता, पानं चिकट झाली का? ते म्हणतेत व्हय. अळी हाय का? तरी व्हय. मान ठेवायलेत ते तुमचा. मशीन बिचारं काय करील?’’

बरोबर होतं त्यांचं. एवढं साधं मला का सुचलं नाही? ते बरोबर होतं म्हणूनच माझ्या पोटात दुखायला लागलं.

त्यांनी टेबल फिरवलं. तोवर शेतकऱ्याला यंत्राची पाठच दिसायची, आता पडदा दिसू लागला. रोगट पानं वाळवून पुठ्ठ्यावर चिकटवली. आलेल्या माणसानं आपल्या शेतातलं पान त्यांच्याशेजारी ठेवायचं आणि सारखं दिसेल त्यावर बोट ठेवायचं. ‘हो’ म्हणायचं नाही, ‘नाही’ म्हणायचं नाही. प्रोग्रॅममधले प्रश्नही त्यांनी तसेच बदलले. आणि जुळलं नाही, तर पडद्यावर यायचं – मला नक्की सांगता येत नाही, दुसरं पान आणा. मी हसलो होतो त्याला. माहीत नाही असं सांगणाऱ्या यंत्रावर कोण भरवसा ठेवील? पण लोकांनी ठेवला. ‘‘ह्ये मशीन खोटं बोलत न्हाई,’’ म्हणत माणसं पार पाथरीकडून यायला लागली. बायका पदराला पान बांधून यायच्या.

आणि आल्या आल्या विचारायच्या – वाव्हळे सर हायेत का? मी म्हणायचो, मी आहे ना, या. तर म्हणायच्या, ‘‘बसतो की. येतील ते.’’ हे ऐकलंय कधी तुम्ही? आपल्याच खोलीत, आपल्याच यंत्रासमोर, आपण बसलेले असताना? प्रोग्रॅम माझा आणि नाव याचं – आयत्या बिळावर नागोबा, असं मी घरी जाताना रोज पुटपुटायचो. मी जळत होतो. दुसरा शब्द नाही त्याला.

दसऱ्यानंतर संस्थेचे साहेब जीपनं आले. यंत्र पटलं तर पाथरीला, जिंतूरला अशीच केंद्रं निघणार होती आणि ती वाव्हळे बघणार, असं बोललं जात होतं. त्या दिवशी कौसाबाई आली होती. जवळच्याच खेड्यातली, दोन-तीनदा येऊन गेलेली, पदरात पान बांधलेली. वाव्हळे खुर्चीवरून उठले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, ‘‘मूळ काम सरांचं आहे. सरांनीच दाखवावं.’’ किती सहज म्हणाले! त्यांनी खुर्ची अडवून धरली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी बसलो. माझे जुने प्रश्न मी प्रोग्रॅममधून कधी काढलेच नव्हते. एक कळ दाबली की यायचे. – दाबली मी ती. चुकून नाही. कौसाबाई पदराची गाठ सोडू लागली, तर म्हणालो, राहू द्या ते. वाव्हळे पुढे झाले, ‘‘सर, पान...’’ मी हातानंच त्यांना थांबवलं. साहेबी आवाज काढून विचारत गेलो, बोंडाला भोकं दिसतात ना? अळीची घाण दिसते ना? समोर जीपमधले साहेब उभे, बिचारी काय म्हणणार? व्हय साहेब. व्हय साहेब. यंत्रानं ठणकावून सांगितलं – बोंडअळी, फवारणी करा.

साहेबांतल्या एकानं तिला पान दाखवायला सांगितलं. लालभडक पान. लाल्या रोग पडलेला, त्यात अळीचा काय संबंध? सगळे हसले. साहेबांनी विचारलं, हे असले प्रश्न कुणी घातले? आणि मी म्हणालो, ‘‘प्रश्न वाव्हळ्यांनी बदललेत.’’

बदलले होतेच की त्यांनी! शब्द खरा होता. किती जपून निवडला होता मी तो.

वाव्हळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते बोलले असते तर? – साहेबांनी दोघांपैकी कुणाचं ऐकलं असतं, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं. कौसाबाई तेवढी त्यांच्याकडे बघून म्हणाली, ‘‘सर, तुमचं मशीन तर खोटं बोलत न्हवतं ना?’’

दुसरी केंद्रं निघाली नाहीत. थोड्याच दिवसांत वाव्हळे नोकरी सोडून गेले. कुठे, ते मी कधी विचारलं नाही. जाताना पानांचा पुठ्ठा त्यांनी माझ्या टेबलावर नीट ठेवला होता. लोक यायचे बंद झाले. मला वाटलं होतं, आता तरी मला विचारतील. पुन्हा औषधाच्या दुकानदारालाच विचारू लागले, तो देईल ते फवारू लागले.

पुढच्या हंगामात कौसाबाई मला मोंढ्यात दिसली. पदराला गाठ होती. तिनं माझ्या मागं पाहिलं, आणखी कुणी आहे का म्हणून. मीच विचारलं, ‘‘मशीन अजून आहे, या कधी. याल ना?’’

‘‘व्हय साहेब,’’ ती म्हणाली, आणि गाठ सोडत औषधाच्या दुकानाची पायरी चढली.

त्या दिवशीचे प्रश्न वाव्हळ्यांचे नव्हते. माझे होते.