सतरा नंबरची कविता

वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीला वाचक 'जकात नाका' म्हणत, ते खिडकीमागच्या भाऊंमुळे. परत आलेलं पुस्तक भाऊ आधी हुंगत, मग पानं चाळत, कोपरे चाचपत आणि सगळ्यात शेवटी वाचकाकडे बघत. एकतीस वर्षांत एकही फाटकं पान त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

सुटली ती कविता. गेल्या वर्षी वाचनालयाच्या स्पर्धेत पहिली आलेली कविता एका जुन्या मासिकातून जशीच्या तशी उचललेली निघाली आणि 'स्वरचित असल्याची खात्री केली' या ओळीखाली सही भाऊंची! मेहुणा अजून विचारतो, "काय दाजी, यंदा चोर कोण?"

दुधानं तोंड पोळलेले भाऊ यंदा ताकही फुंकून पीत होते. कविता बावीस. नावं सीलबंद पाकिटात, कागदावर नुसता नंबर. एकवीस कवितांची त्यांना धास्ती नव्हती. असलं कोण चोरणार? सतरा नंबरची सुरुवात मात्र चांगली होती. म्हणजे त्यात गोम होती.

चार दिवस त्यांनी कवितांची कपाटं उपसली. प्रत्येक संग्रहातली पहिल्या ओळींची सूची बोट ठेवून तपासली. काहीच सापडलं नाही. म्हणजे चोर पक्का मुरलेला. पाचव्या दिवशी, यादी परीक्षकांकडे जायला तास उरला असताना, सतरावर 'बाद' लिहायला त्यांनी पेन उघडलं.

बाइंडिंगवाल्या मावशी शेजारी खळ लावत होत्या. "भाऊ, शेवटपर्यंत वाचलीत का ती?"

"सूचीत पहिलीच ओळ असते, मावशी."

"मग तिथंच घोडं पेंड खातंय. आणा इकडे."

मावशींनी शेवटच्या ओळी मोठ्यानं वाचल्या:

"खिडकीतला माणूस पुस्तक हुंगतो,
पानं चाळतो, कोपरे चाचपतो.
मी रडले त्या पानावर त्याचं बोट थांबतं,
आणि तो विचारतो, 'पाणी सांडलं का?'"

भाऊंचं पेन हवेतच राहिलं. "हे... माझ्यावर आहे?"

"नाही, त्या पंख्यावर आहे! आता शोधा कुठून चोरलंय ते."

भाऊ उठले. माणसं विसरत, डाग विसरत नसत. कादंबऱ्यांच्या रांगेतून त्यांनी नेमकं एक पुस्तक ओढलं. पान एकशे बारा. समासात त्यांच्याच अक्षरात, पेन्सिलीनं: 'पाण्याचा डाग.' पुस्तकाच्या मागच्या खिशात ते नेणाऱ्यांच्या नावांचं कार्ड होतं. कोण ही बाई? बोटं कार्डापर्यंत गेली. नाव सीलबंद ठेवायचं, हा नियम त्यांनीच केलेला. पुस्तक मिटून त्यांनी जागेवर ठेवलं आणि येऊन सतरा नंबरपुढे सही केली.

एवढ्यात खिडकीत एक बाई आल्या, पुस्तक पुढं सरकवलं. भाऊंनी ते नाकाशी नेता नेता खाली घेतलं.

"कसं वाटलं पुस्तक?"

बाई दचकल्या. "का हो? काही फाटलंय का? मी नेलं तेव्हा आधीच तसं होतं!"